उजव्या बाजूची चिप

आधी सरळ सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी मजेमजेत सांगत सुटेन आणि मुद्दा राहून जाईल. पप्पांचा उजवा कान जात होता आणि ते सहा आठवडे मी त्यांच्या अँप्लिफायरच्या चिप बदलत बसले होते. वर त्याच्या रील टाकत होते. म्युझिक लावून!

पप्पा रुवैसला, लांब वाळवंटात, रिफायनरीत कॉम्प्रेसरवर आहेत आणि आम्ही शारजाला. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच चाललंय. शुक्रवारी संध्याकाळी ते बसने येतात, रविवारी दुपारी जेवून परत जातात. शनिवारी सकाळी चहा झाला की हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीत बसून गाणी ऐकतात. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, समोर बरोबर मधोमध खुर्ची. ती इतकी वर्षं तिथेच आहे की कार्पेटला चार खड्डे पडलेत. अँप तर माझ्याहून वयाने मोठा. मी लहानपणी त्याला हात लावला की आई ओरडायची, "अगं, ते तुझ्या पप्पांचं पहिलं बाळ आहे!"

आणि पप्पांचा कान हा आमच्या घरात एकदम फेमस विषय. पंपाचं बेअरिंग जायच्या आधी त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. आई म्हणते, "ह्यांचा कान म्हणजे मीटर." प्लांटमध्ये सगळे कानावर मफ लावून काम करतात, त्यामुळे बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ. घरी टीव्ही म्यूट असला तरी पप्पा पडद्यावरच्यांचे ओठ बघून वाक्यं सांगतात, अर्धी खरी आणि अर्धी आम्हाला हसवायला.

तर एका शनिवारी ते म्हणाले, "उजवीकडून बारीक येतंय गं. कापूस कोंबल्यासारखं."

मी सोफ्यावरून टुणकन उडीच मारली. माझी डिग्री नुकतीच संपली होती, जॉबचे इंटरव्ह्यू इन्शाल्ला-इन्शाल्लावर अडकले होते, आणि नवीन सोल्डरिंग स्टेशन घेऊन महिना झाला तरी त्यावर एक खेळणं सोडून काही रिपेअर केलं नव्हतं. मी म्हटलं, "पप्पा, चॅनलची चिप वीक झालीये! दोन बाजूंना दोन वेगळ्या चिप असतात, उजवीची गेली. मी बदलते ना!"

"येतं का तुला?"

"मी इंजिनिअर आहे, हॅलो?"

"बरं, इंजिनिअर बाई. माझं बाळ मारू नका म्हणजे झालं."

ते रुवैसला गेले आणि मी अँप उघडला. आधी मी स्वतः ऐकून बघितलं होतं, हे आता लिहिताना कान गरम होतायत. मला दोन्हीकडून सारखंच येत होतं. एकदम सारखं. पण पप्पांचा कान मीटर ना! मग मी इतका वेळ कान लावून बसले की मलाही उजवीकडून थोडं कमी वाटायला लागलं. खरं सांगू? मला तो अँप खराबच हवा होता.

चिपसाठी देराच्या जुन्या बाजारात गेले. तिथे गल्लीत एक पार्ट्सचं दुकान आहे, दुकानदार चाचा म्हातारे, चष्मा कपाळावर. मी धडाधड सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कम किसको सुनाई देता है?"

"पापा को."

"तुमको?"

"मुझे भी थोडा... मतलब, उनका कान बहुत शार्प है."

"बेटा, चिप बाद में. पहले उनको कुर्सी घुमा के बिठाओ. पीठ स्पीकर की तरफ. फिर पूछो किधर कम है."

मी हसले. तोंडावर नाही, बाहेर येऊन. आणि मेट्रोत बसल्या बसल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं की देरातले अंकल म्हणतायत चिप बदलू नका, खुर्ची फिरवा, वास्तुशास्त्र चालू आहे इथे. चाळीस जणांनी हसायचे इमोजी टाकले. मी त्या चाळीसही जणांना रिप्लाय दिला.

चिप बदलण्याचं काम मात्र मस्त केलं, खोटं कशाला बोलू. जुनं सोल्डर पंपाने ओढून घेतलं, पाय एकेक मोकळे केले, चिप मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून अलगद सोडवली, नवीन पेस्ट लावली, मधला पातळ अभ्रकाचा तुकडा न विसरता ठेवला. अँप पहिल्या झटक्यात चालू! मी हॉलमध्ये नाचले. आई म्हणाली, "खाली बिऱ्हाडं आहेत गं, माणसं राहतात."

शनिवारी पप्पा बसले. डोळे मिटले. मी कॅमेरा लावून रिॲक्शन शूट करत होते.

"अजून तसंच आहे गं."

तो भाग मी रीलमधून कापला.

मग मी डोकं चालवलं. एक चिप नवी आणि एक जुनी, म्हणून बॅलन्स बिघडत असेल, जोडीने बदलायला हवी. पुढच्या शनिवारपर्यंत दोन्ही बदलल्या. तसंच. मग पुढच्या बोर्डवरची छोटी आठ पायांची चिप. तसंच. पप्पा महिन्यातून चारच शनिवारी सकाळी ऐकणार, त्यामुळे माझ्या एकेका चुकीला एक पूर्ण आठवडा लागत होता. हे मला तेव्हा दिसलंच नाही. मला फक्त रीलचा पुढचा पार्ट दिसत होता.

आणि बघा, काय काय समोर होतं ते! पप्पा फोन डाव्या कानाला लावायला लागले होते. आई उजवीकडून हाक मारायची आणि ते ओ द्यायचे नाहीत, मग आई चिडायची, "घरी येऊनसुद्धा लक्ष प्लांटमध्येच!" आणि एकदा, अँप बंद करून मी प्लगसुद्धा काढला होता, तर पप्पा म्हणाले, "बंद केला तरी शिट्टी येतेय का गं ह्यातून?"

मी काय म्हणाले असेन? "कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो पप्पा, हळूहळू जातो."

प्लग काढलेल्या अँपमधून शिट्टी! आणि हे मी सांगितलं, इंजिनिअर बाईंनी, न हसता.

मधे मी देरात जाऊन चाचांशी भांडूनही आले. "आपने डुप्लिकेट चिप दी." दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. चाचांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, ड्रॉवरमधून दुसरी जोडी काढून दिली आणि म्हणाले, "ले जाओ बेटा." खुर्चीचं परत काही बोलले नाहीत. मी जिंकल्यासारखी बाहेर पडले.

सहाव्या शनिवारी आईने पप्पांना गवार मोडायला बसवलं. डायनिंग टेबल स्पीकरच्या उलट बाजूला आहे, म्हणून त्यांनी खुर्ची उचलून टेबलाकडे फिरवली आणि पाठ स्पीकरकडे करून बसले. गाणं चालूच होतं. दोन मिनिटं गवार मोडत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, आता डावीकडचा स्पीकर बारीक झालाय. उजवा ठणठणीत! दुसरी चिप गेली बघ."

एक सेकंद, अगदी एकच सेकंद, मी खूश झाले. वाटलं, चला, पार्ट फाइव्ह मिळाला.

आणि मग कार्पेटवरचे ते चार रिकामे खड्डे दिसले. खुर्ची फिरली होती, डावा स्पीकर आता पप्पांच्या उजव्या कानाकडे होता.

मी पप्पांच्या मागून गेले आणि त्यांच्या उजव्या कानाजवळ, हळू नाही, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पप्पा." ते गवार मोडत राहिले. परत म्हटलं. आईने ओट्यावरून वळून बघितलं. तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

त्याच दिवशी क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरीणबाईंनी पप्पांना एका छोट्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मला त्यांचा अंगठा दिसत होता. डाव्या कानाला टकटक टकटक चालला होता. उजव्याची वेळ आली आणि तो बटणावर नुसता थांबून राहिला.

"कब से है ये?" डॉक्टरांनी विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "होंगे दस-बारह दिन."

ते खोटं माझ्यासाठी होतं. मला वाटलं, गप्प राहावं. खरंच वाटलं. मग मीच म्हणाले, "नहीं डॉक्टर. छह हफ्ते." माझा आवाज नको तेवढा मोठा आला. पुरावाही होता माझ्याकडे, प्रत्येक शनिवारची रील.

त्यांनी ग्राफ दाखवला. असं एकाच बाजूचं अचानक होतं, म्हणाल्या, प्लांटच्या आवाजाने असतं तर दोन्ही कान हळूहळू गेले असते. पहिल्या दोन आठवड्यांत आला असतात तर गोळ्यांनी कान परत यायची बरीच आशा होती. आता देते, पण प्रॉमिस करत नाही.

गोळ्या झाल्या, कानातली इंजेक्शनं झाली. कान परत आला तो थोडासाच. पप्पा आता बेअरिंग डाव्या कानाने ऐकतात. आई हाक मारायच्या आधी फेरी मारून दुसऱ्या बाजूला जाते, आणि अजून एकदाही मला काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रील मी डिलीट केल्या. देरात मात्र अजून गेलेले नाही. दोनदा मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊन परत आले.

गेल्या शनिवारी पप्पा म्हणाले, "माझ्या जुन्या चिप कुठायत?"

मी त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या होत्या, रीलमध्ये छान दिसतात म्हणून.

"लाव परत. चांगल्या होत्या बिचाऱ्या."

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. ते टॉर्च धरून माझ्या डावीकडे, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे. शेवटचा पाय सोल्डर करताना, मान खाली घालून, मी म्हटलं, "सॉरी पप्पा." बाजू बघूनच म्हटलं होतं. ऐकू जाणार नाही हे माहीत होतं मला. किती भित्री असावी मुलगी!

टॉर्च हलला नाही. अँपचं झाकण बसवलं, स्क्रू लावले, गाणं सुरू झालं. पप्पा खुर्चीत बसले नाहीत. मला बसवलं आणि विचारलं, "दोन्हीकडून येतंय?"

"हो पप्पा. सारखं."

"नक्की? मीटर आता तू आहेस."

मग मी उठले, त्यांच्या डाव्या बाजूला गेले, आणि तोंड उघडलं.

"ऐकलं मगाशीच," ते म्हणाले. "काचेत दिसत होतीस टीव्हीच्या. वीस वर्षं ओठ वाचतोय मी."

मी रडायला लागले तर म्हणतात, "आता त्या देरातल्या म्हाताऱ्याला जाऊन सांग. त्याला ओठ वाचता येत नसतील, त्याला मोठ्याने सांग."

उद्या जातेय. ते पण येतो म्हणालेत, पण दुकानाबाहेर थांबणार आहेत.