खळ्यावरचे बूट

सुक्या जवळ्याचा वास आला, की मला अजून संताप येतो. तारापूरला कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या कोळीवाड्यात देशाभिमानावर भाषण ठोकून कारखान्याचे साहेब निघाले ते थेट सारवलेल्या खळ्यावरून, वाळत घातलेला जवळा बुटांनी तुडवत.

खळ्याची मालकीण जानकीकाकी आडवी आली. "बूट काडा साहेब. आमी पन इथं पाय धुऊन येतो."

"काय माज हाय हिला!" सरपंच ओरडले. साहेब हसत पुढे गेले. निरोप देताना सरपंच म्हणाले, साहेबांचे पाय लागले, गावाचा गौरव झाला.

काकीने तुडवलेला जवळा टोपलीत भरला आणि समुद्रात ओतला.

"अगं, धुऊन विक की!" शेजारीण कळवळली.

"बुटाखालचं लोकांना खाया घालू?"

आठवड्याची मिळकत बुडाली. तिचा गौरव कोणी केला नाही.