कुलूपवाल्याच्या घरचं दार

कुलूपवाला सभेला आला तोच मुळी नाक मुरडत. सगळ्यांना सहज वापरता येतील अशी घरं कशी बांधायची, हे तिथे सांगणार होते, वर चहाही फुकट. म्हणजे शेवटी काहीतरी गळ्यात मारणार, नक्की! पण बायकोने हट्टच धरला होता.

टेबलावर नमुन्याचं छोटं दार उभं होतं. बोलणारी बाई म्हणाली, "याची कडी कोपरानेही उघडते."

"मग चोराचं तर फावलंच!" तो मागून ओरडला. लोक हसले. उभा जन्म त्याने लोकांच्या दारांना पक्की कुलपं बसवली होती. त्याच्या स्वतःच्या दाराला तर तीन होती, हाताला रग लावणारी.

सभा संपली. बायको मात्र त्या दारापाशीच. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती. तिने मनगटाने कडी दाबली, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"काय विकतायत गं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही. तुम्ही कामावर गेलात की आपलं दार मला उघडत नाही. दोन वर्षं झाली."

तिला हल्ली घरातच करमतं, असं तो दोन वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.