खारवलेला भोपळा

आमच्या घरात फ्रेम करून लावलेला पहिला फोटो माझा नव्हे, यांचाही नव्हे, भोपळ्याचा आहे. आणि हे स्वतः फोटोग्राफर. दुबईत खाडीजवळ यांचा छोटासा स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या खोलीत आमचा संसार. दुबईला तेव्हा नुकतंच तेल लागलं होतं, पण ते आमच्यापर्यंत काही झिरपलं नव्हतं. पासपोर्टचे फोटो काढायला आपले रत्नागिरीकर यायचे, तेवढ्यावर दोन पोटं भरणं कठीण. यांनी ठरवून टाकलं की पुढच्या बोटीने मला गावी सासूकडे पाठवायचं. सासूचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. मला मुळीच जायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून नवरा नीट बघायला मिळाला होता तो इथेच.

अशात तेल कंपनीच्या कॅम्पातली एक अमेरिकन बाई भोपळा घेऊन आली. मुंबईच्या बोटीने आलेला आपला लाल भोपळाच, पण तिने तो पोकळ करून त्याला तिकोनी डोळे आणि मोजके दात कोरले होते. ऑक्टोबर संपताना त्यांचा भुताखेतांचा सण असतो, तेव्हा असा भोपळा आत दिवा लावून दारात ठेवतात म्हणे. आमच्याकडे त्याची भाजी करतात. तिने भूत पळतं का ते माहीत नाही, पाहुणा मात्र पळतो.

फोटो चांगला आला तर नाताळात सगळ्या कॅम्पाच्या फोटोंचं काम यांनाच, असं बाई बोलून गेली. यांनी ऐटीत फ्लॅश मारला. फिल्म धुतली तर आतल्या दिव्याचा पत्ताच नाही. भूत कसलं, बाजारात मांडलेला भोपळा. आता उद्या अंधारात, फ्लॅशशिवाय काढू, असं म्हणून हे एका निकाहाचे फोटो काढायला शारजाला गेले. जाताना मला बजावलं, तेवढा भोपळा जप.

आमच्याकडे फ्रिज नव्हता. संध्याकाळपर्यंत भोपळा आतून चिकट झाला, माश्या घोंगावू लागल्या. वस्तू टिकवायची मला एकच विद्या येत होती. पोट साफ केलेल्या सुरमईला लावतात तसं मी त्याला आतून-बाहेरून जाडं मीठ चोळलं, डोळ्यांच्या खाचांतही भरलं आणि निर्धास्त झोपले.

सकाळी भोपळ्याने पाणी सोडलं होतं. गाल बसले होते, डोळे ओघळले होते, दात आत वळले होते. काल हसत आलेला आज मरणाला टेकलेला म्हातारा दिसत होता. हे परत आले, त्याच्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसले.

"खलास," एवढंच म्हणाले.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी ट्रंक ओढली आणि कपडे भरायला घेतले.

पण बाई यायची होती, तिला दाखवायला काहीतरी हवं. यांनी खोली काळोखी केली, भोपळ्यात दिवा ठेवला आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं धरलं. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. पासपोर्टच्या फोटोलाही कोणी इतकं गंभीर नसतं.

बाईने फोटो हातात घेतला आणि बघतच राहिली. मग इंग्रजीत खूप काही बोलली. यांनी मला सांगितलं, इतकं भयंकर थोबाड तिने जन्मात पाहिलं नाही. मला वाटलं, झालं आता. पण बाई हसत होती. सणच भुतांचा, तेव्हा याहून मोठं कौतुक ते कोणतं. तिने विचारलं, असं केलं कोणी? श्रेय घेण्यात हे पटाईत. लायटिंगची करामत सांगतील असं मी धरून चालले होते. यांनी वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"माय वाइफ," हे म्हणाले. "नेक्स्ट इयर ऑल्सो, मॅडम."

मला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं. मी आत गेले, ट्रंकेतले कपडे काढले आणि एकेक करून पुन्हा खुंटीला अडकवले.