माझे स्पीकर हळदीला जाणार न्हाईत

मंडळी, आज माझे सख्खे काका माझ्यावर रुसले. रुसू द्या.

मुरुडला चुलतभावाची हळद होती. काकांनी सकाळीच लातूरला माझ्या दारात टेम्पो आणून उभा केला. "घरात एवढे मोठे स्पीकर हायत, मग डीजे कशाला सांगायचा?"

अहो काका, ते निवांत बसून ऐकायचे स्पीकर हायत. मांडवात लावले तर पहिल्याच गाण्याला फाटतेल. मी तोंडावर न्हाई म्हणालो. टेम्पो रिकामा धाडला आणि माझी बेस गिटार पाठीला अडकवून, तिचा छोटा अँप्लिफायर मागं बांधून मोटरसायकलवर हळदीला गेलो.

मांडवात पहिला प्रश्न ठरलेला. "चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या का?" बेसला चारच असतेत, पण एवढी वर्षं हेच ऐकत आलोय.

ऐनवेळी सांगितलेला डीजे काही लवकर येईना. बायका सतरंजीवर बसून हळदीची गाणी म्हणायला लागल्या. मी कोपऱ्यात अँप्लिफायर लावून बेसवर हळूच साथ धरली. कुणाचं लक्ष बी न्हाई. मग मुद्दाम मधेच थांबलो.

आत्याचं गाणं अडखळलं. तिनं वळून बघितलं. "का रे थांबलास? खालची सतरंजी ओढल्यावानी झालं की!"

काकांनी ते ऐकलं. तरी पंगतीत माझ्याकडं बघितलं न्हाई. चालतंय.

स्पीकर घरीच राहतेल. ऐकायचे असतील तर या, चहा करतो. फक्त 'आवाज वाढव' म्हणायचं न्हाई. कोण कोण येतंय?