मायचा फोटोवाला फोन

माझी माय मुदखेडजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिला वाचता येत नाही, पण फोन लावायला ती कधी कुणाच्या तोंडाकडं बघायची नाही. जुन्या फोनात मी तिला एकेका नंबरावर फोटो लावून दिला होता. गिरणीवाला काही फोटो काढू देईना, म्हणून तिथं गिरणीचं शटर. दूधवाल्याला म्हैस. ते बघून माय इतकी हसली, की पुढं दूधवाल्याला फोन करताना "म्हशीला लावते" म्हणायची. देगलूरच्या मावशीचा मात्र खासा फोटो होता, लग्नातला, जिलेबी खातानाचा.

ही मावशी म्हणजे मायची पाठची बहीण. दोघींची पाळी ठरलेली. आज हिनं लावायचा, उद्या तिनं. भाजी काय केली, कुणाची सून काय बोलली, रोज तेच. पण एकीची पाळी चुकली, की दुसरी फुगून बसायची.

मागच्या दिवाळीला मला हौस आली. मी लातूरला नोकरी करते, आणि मायच्या हातातलं ते डबडं मला बघवेना. नांदेडला नेऊन तिला चांगला भारीतला फोन घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याची सिस्टीमच वेगळी हाय. नंबर सिमवर घेतो आन ह्याच्यात टाकतो." टाकले त्यानं. मी वरवर बघितलं, नावं होती, नंबर होते. सिमवर फोटो येत नसतात, हे माझ्या गावीही नव्हतं. तिथूनच मावशीला फोन लावून दिला. माय दुकानभर ऐकू जाईल एवढ्यांदा सांगत होती, "लेकीनं घेतला गं! लई भारी हाय, आरशासारखा चकचकतो!" तिला मुदखेडच्या गाडीत बसवलं आणि मी लातूरची बस धरली.

त्यानंतर मी फोन केला की माय उचलायची, बोलायची. तिचा आपणहून येत नाही, हे जाणवायचं, पण मी म्हणायची, असेल शेतात. होळीला गावी गेले तर माय अगदी गप्प. मी सहज विचारलं, "मावशी काय म्हणते?"

"काई न्हाई. ती बोलूनच न्हाई राहिली माझ्याशी."

"का गं? मग तू लाव की!" माझा आवाज चढलाच.

तिनं फोन माझ्यापुढं केला. नावांची रांग, आणि फोटोंच्या जागी नुसते गोल, गोलात एकेक अक्षर. म्हैस नाही, शटर नाही, मावशी नाही. माय म्हणाली, "ह्यातली ती कुठली हाय, म्या कसं वळखू?"

अगं बाई! इतके महिने मायची पाळी रोज चुकत होती. मावशीनं काही दिवस एकटीनं फोन केले, टोमणे मारले, मग तिनंही सोडून दिलं.

"मला सांगायचं नाही का? बरं मला नाही, मावशीला तरी सांगायचं!"

"काय सांगू? लेकीनं एवढ्या हौसेनं घेतला आन मला लावता येईना, असं सांगू? मग कशाला घेतला म्हनली असती. तुलाच बोल लागला असता."

मला रडावं की भांडावं कळेना. माझ्या मोबाइलमध्ये तो जिलेबीचा फोटो होता, तो पहिल्यांदा मावशीच्या नंबरावर लावला. मायनं लगेच ओळखला, बोट ठेवलं. रिंग वाजत राहिली, बंद झाली. मायनं पुन्हा लावला. पुन्हा तसंच. "कामात असंल," माय म्हणाली.

मग मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला मावशीनं उचलला. "बोल गं बाई! लेकरं बरी हायेत का? कवा येतीस देगलूरला?"

"मावशी, मी मायकडं आलेय."

तिचा आवाज एकदम कोरडा झाला. मग म्हणाली, "हां. बरं हाय की."

मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मायनं माझा दंड धरला आणि मान हलवली. नको. डोळे भरलेले, पण मान हलायची थांबेना. आणि मी ऐकलं तिचं! अजून त्याची चुटपुट लागते. काय मेली ती माझी इज्जत, गेली असती चुलीत! मावशीनं माझ्या नवऱ्याची चौकशी केली, सासूच्या गुडघ्यांची केली. मायचं नावसुद्धा काढलं नाही. मग तिनं फोन ठेवला.

मायनं पदरानं तोंड पुसलं.

"तुझ्या फोनवर का व्हईना," ती म्हणाली, "आवाज तर ऐकला तिचा."