दाराचं टेबल

लिफ्टमामांचा आवाज मोठा आहे, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरून सातव्या मजल्यावरच्या माणसाशी बोलण्यात गेला. त्या सवयीने ते घरात मीठसुद्धा सातव्या मजल्यावरून मागवल्यासारखं मागत. नोकरी संपली, आवाज तेवढा शिल्लक राहिला. त्यांचं खरं नाव पाटीपुरतं. एरवी लहानथोर सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत, आणि त्यांच्या बायकोला, तिने आयुष्यात एकही लिफ्ट दुरुस्त केलेली नसताना, लिफ्टमामी.

दुसरी खोड म्हणजे कुठे काही दुखतंय-बिघडलंय असं कानावर आलं की मामांना राहवत नसे. आता सून आरोग्य विम्याच्या कंपनीत होती. घरी बसून, कानाला हेडफोन लावून ती लोकांशी त्यांच्या ऑपरेशनच्या बिलांबद्दल बोलायची. एका दुपारी तिच्या तोंडून 'मूळव्याध' हा शब्द निघायला आणि मामा दूध तापवायला स्वयंपाकघरात यायला एकच गाठ पडली. मामांनी तिथूनच आवाज दिला, "त्यांना म्हणावं, टबात कोमट पाणी घ्या आणि खुशाल बसून राहा!"

फोनवरच्या गृहस्थांनी विचारलं, "मागे डॉक्टर आहेत का?"

कोमट पाण्याने त्यांना आराम पडला की नाही कोण जाणे, पण त्यांनी तक्रार मात्र केली. कंपनीने सुनेला कळवलं की आजारी माणसाची गोष्ट तिसऱ्याच्या कानी जाता कामा नये. घरून काम करायचं असेल तर धड टेबल हवं, पाठ टेकायला खुर्ची हवी, वायरी लोंबकळता कामा नयेत, आणि खोली बंद होणारी हवी. आत ती एकटी. वरिष्ठ बाई व्हिडिओवरून सगळं तपासणार. पास झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मोठ्या ऑफिसात हजर व्हायचं. ते ऑफिस दुसऱ्या शहरात, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर.

सुनेने जेवताना हे सांगितलं तेव्हा मामांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा, ते काम कुठूनही होण्यासारखं. म्हणजे ती गेली की तोही जाणार. मामांना ही दोघं घरात हवी होती. त्यांची भांडणं, त्यांचे उघडे राहिलेले नळ, न्हाणीघरातले लांब केस, सगळ्यासकट हवी होती. पण असं सरळ तोंडाने म्हणायची मामांच्यात पद्धत नव्हती. ते म्हणाले, "तिकडे घरभाडी फार आहेत म्हणतात." आणि थोडं थांबून, "टेबलाचं माझ्याकडे लागलं."

चार अटी सांगितल्या होत्या. मामांच्या डोक्यात एकच शिरली.

तसा टेबलाचा प्रश्न घरात जुनाच होता. तीन संगणक आणि बसायची जागा एकालाही नाही. सुनेच्या संगणकाचे दोन पडदे जेवणाच्या टेबलावर, पाण्याचा जग आणि मिठाची बरणी यांच्यामध्ये. मुलगा पलंगावर, मांडीवर उशी घेऊन. मामी एका छापखान्यासाठी लोकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायची. तिचा संगणक स्टुलावर आणि ती स्वतः पाटावर. जेवायची वेळ झाली की अर्धं ऑफिस उचलून ठेवावं लागे.

मामा फर्निचरच्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना बटन दाबलं की वर-खाली होणारं टेबल दाखवलं. मामांनी खाली वाकून मोटर पाहिली, तिचं कौतुक केलं, विक्रेत्याला तेल कुठे घालायचं ते सांगितलं, किंमत विचारली आणि एक ग्लास पाणी पिऊन बाहेर पडले.

घरी येऊन ते सुनेच्या कामासाठी ठरलेल्या आतल्या खोलीत विचार करत बसले. टेबल म्हणजे असतं काय? आडवी फळी आणि चार पाय. लिफ्टच्या जुन्या लोखंडी पट्ट्या माळ्यावर पडून होत्या, म्हणजे पाय झाले. फळी तेवढी राहिली. आणि फळी शोधता शोधता त्यांची नजर खोलीच्या दारावर गेली. भरीव लाकूड, सरळसोट, कुठे वाक नाही. इतकी वर्षं ते भिंतीला टेकून कपडे सांभाळत उभं होतं. ते लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मामांच्या घरात दार लावून बसायचं कारणच काय!

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून खुर्ची आणायला गेली, मामी छापखान्यात गेली, आणि मामांनी बिजागऱ्यांना हात घातला. दार भिंतींच्या मध्ये बसेना, म्हणून वीतभर कापलं. घासलं, पॉलिश मारलं, खाली पाय ठोकले. कुलपाचं भोक होतंच, त्यातून सगळ्या वायरी खाली सोडल्या. भिंतीवर जुन्या लिफ्टची बटनं बसवली: तळमजला मामीचा, पहिला मुलाचा, दुसरा सुनेचा. ज्याने त्याने आपला मजला दाबायचा की संगणक चालू. मग तिन्ही संगणक एका रांगेत मांडून मामा मागे सरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तिघं खांद्याला खांदा लावून काम करतील, आपण मागे बसून पेपर वाचू. त्यांना भरून आलं.

संध्याकाळी सगळी परतली. मुलगा "वा!" म्हणाला आणि लगेच पहिला मजला दाबून पाहिला. सुनेने पॉलिशवरून हात फिरवला. तिची बोटं त्या भोकापाशी आली आणि थांबली. तिने मागे वळून उघड्या चौकटीकडे पाहिलं.

"छान झालंय, बाबा," ती हळूच म्हणाली.

मामी एवढी मायाळू नव्हती. "अहो, दार कुठंय?"

"कुठलं दार?"

"ह्या खोलीचं. उद्या सकाळी ती बाई तपासणार आहे ते."

मामांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल काही बोललं नाही.

"पडदा लावू," मामा म्हणाले. "चांगला जाड."

"पडदा नाही चालत, बाबा. लोक आपली दुखणी सांगतात मला."

"मग आम्ही काय कान लावून बसतो?"

"कान लावून बसला असतात तर बरं झालं असतं," मामी म्हणाली. "तुम्ही मध्ये बोलता. आयुष्यभर अख्ख्या गावाला सांगत फिरलात, दार नीट लावा, नाहीतर लिफ्ट हलणार नाही. आणि घरचं दार आडवं केलंत!"

मुलाला हसू फुटलं. सुनेलाही फुटलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मामांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. कापलेलं दार परत चौकटीला बसणार नव्हतं. दुकानातून दार आणून उद्यापर्यंत बसवणंही शक्य नव्हतं. ते हत्यारांची पेटी घेऊन उठले आणि स्वतःच्या झोपायच्या खोलीकडे गेले.

"आता तिथे काय काढताय?" मामीने विचारलं.

"दार."

"आणि आपण?"

"आपलं काय आता कुणापासून लपवायचंय?" मामा म्हणाले. यावर मुलगा कामाचं निमित्त काढून गच्चीवर गेला.

ते दार अंधार पडायच्या आत सुनेच्या खोलीला बसलं. फटींना मामांनी लिफ्टच्या दाराचं रबर ठोकलं. मुलाचा आणि मामीचा संगणक मामांच्या आता बिनदाराच्या खोलीत आला. मुलाला इस्त्रीची फळी मिळाली. "वर-खाली होते," मामा म्हणाले, "दुकानात ह्याच गोष्टीला किती पैसे मागत होते!" मामीचा संगणक तिच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसला. टाइप करताना सवयीने तिचे पाय चालायला लागले आणि ती स्वतःवरच वैतागली.

सकाळी सून आत गेली, दार लागलं. मुलगा इस्त्रीच्या फळीपाशी उभा राहून नखं खात होता. थोड्या वेळाने त्याच्या फोनवर तिचा निरोप आला. टेबल पास, खुर्ची पास, वायरी पास. आता बाई म्हणतायत, घरातल्या कुणीतरी दाराबाहेर उभं राहून बोलावं. फोनवर आवाज आला तर खोली नापास.

"मी बोलतो, हळू," मुलगा म्हणाला.

"हळू कशाला?" मामा उठले. "लिफ्ट पास करताना रिकामी चालवून भागत नाही. पूर्ण भार घालावा लागतो."

"अहो, नको तिथे खरेपणा नको!" मामी कळवळून म्हणाली. "तुमचा आवाज तिकडच्या शहरात थेट ऐकू जाईल."

पण मामा दारासमोर जाऊन उभे राहिले होते. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं. एक, दोन, तीन म्हणावं असं मनात होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सातव्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात शब्द आले ते असे:

"जाऊ नका रे! तुम्ही गेलात तर करमायचं नाही मला!"

मुलाने मान खाली घातली. मामीचे मशीनवरचे पाय थांबले. दाराच्या आत काहीच हललं नाही. मामा तिथेच उभे राहिले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना हळूहळू कळत होतं आणि कान तापत होते.

मग दार उघडलं. सून लालबुंद होऊन हसत होती. "पास! बाई म्हणाल्या, बोलायला कधी सुरुवात करणार? म्हटलं, बोलून झालं. मला तर कानावर हेडफोन असताना नुसती गुणगुण ऐकू आली. काय म्हणालात, बाबा?"

"काही नाही. मजले मोजले."

सगळा जन्म मामीने नवऱ्याची एकही फजिती वाया जाऊ दिली नव्हती. आत्ता तर ती आयती हातात आली होती. पण ती उठून सुनेजवळ आली आणि चेष्टेचा एक शब्दही न मिसळता म्हणाली, "ते म्हणाले, जाऊ नका. तुमच्याशिवाय करमायचं नाही म्हणाले."

सुनेचं हसू थांबलं. ती सासऱ्यांकडे बघत राहिली. मामा दाराच्या फटीचं रबर नीट बसलंय का ते तपासू लागले.

"मग तेवढ्यासाठीच तर आत बसतेय ना मी," ती म्हणाली.

"बरं, बरं. बस जा मग. लोक खोळंबले असतील तुझे," मामा म्हणाले, जमेल तेवढ्या बारीक आवाजात. ती आत वळली, खुर्चीत बसली, तिने हेडफोन कानाला लावला. आणि मामांनी बाहेरून, आपल्या हाताने, दार नीट लावून घेतलं.