कबरी उपाशी होती का?

अहिरे सिस्टर कुणाला भ्यायल्याचं सिडकोतल्या त्यांच्या सोसायटीत कुणी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी सुरगाणा, पेठकडच्या उपकेंद्रांत नर्स म्हणून काढली होती. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांसाठी पाड्यापाड्यांतून बायका आणायच्या, त्यांच्या सासवांशी भांडायचं, नवऱ्यांची समजूत घालायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या आणि भटक्या मांजरांच्या मागे लागल्या.

"बायका संपल्या, आता मांजरी का सिस्टर?" असं कुणी चिडवलं तर त्याही हसत. पिंजऱ्यात सुकट ठेवायची, दार पडलं की वरून जुनी चादर टाकायची, पंचवटीतल्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणायचं आणि मांजर होतं तिथंच परत सोडायचं. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं असे. दोन वर्षांत अशी एकवीस मांजरं झाली. राहिली होती एक कबरी.

कबरीने त्यांना तीन महिने झुलवलं. पिंजऱ्याच्या तोंडाशी यायची, सुकट हुंगायची, सिस्टरकडे एक नजर टाकून चालती व्हायची. मधल्या काळात ती पार्किंगमध्ये दुसऱ्यांदा व्याली. पिल्लांतलं एकही जगलं नाही. त्यातच चेअरमन महेश कासार यांच्या नव्या गाडीवर ओरखडे उठले.

"सिस्टर, रविवारपर्यंत काय ते करा," ते म्हणाले. "नाहीतर पोत्यात घालून मनमाडच्या पुढे सोडून येतो. सगळीच. कान कापलेली आणि न कापलेली."

बुधवारी दुपारी कबरी सापडली. गुरुवारची वेळ मिळाली. रात्री आठनंतर तिला काही द्यायचं नव्हतं, भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. पिंजरा सिस्टरनी मजल्यावरच्या सामायिक गॅलरीत ठेवला.

सकाळी सात वाजता चादर उचलली, तर खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रुपयाएवढा पांढरा डाग. अर्धवट वाळलेला. जाळीला पोळीचा ओला तुकडा चिकटलेला.

शेजारच्या अक्काबाई तुळशीला पाणी घालत होत्या. मूळच्या देवळ्याच्या, वय ऐंशीच्या पुढे.

"अक्काबाई, हिला काही घातलंत का?"

"नाही ओ सिस्टर. मी कशाला घालू?" अक्काबाईंनी तांब्यातलं पाणी कुंडीबाहेर सांडलं. "मुक्या जिवाला तुम्ही उपाशी ठेवायचं, आणि विचारायचं मला!"

सिस्टरनी कागद घडी करून कचऱ्यात टाकला, जाळी पुसली, नवा कागद अंथरला. आजची वेळ गेली तर पुढची सोमवारी. मध्ये रविवार होता.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" दवाखान्यात डॉक्टर सायलींनी विचारलं.

"नाही."

पिंजरा आत गेला. दार लागलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाकावर बसल्या आणि सिस्टरच्या तळहातांना घाम सुटला. पदराने पुसला, परत सुटला. हाच प्रश्न त्यांनी स्वतः शेकडो बायकांना विचारला होता. 'नाही बाय' म्हणताना नजर कुठे वळते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाड्यावरून शिबिरात आणलेल्या कुसाबाईचीही अशीच वळली होती. तिच्या पदरावर नागलीच्या भाकरीचा चुरा होता. पण त्या दिवशी टार्गेटला एक केस कमी पडत होती, आणि सिस्टरनी तो चुरा आपल्या हाताने झटकला होता. टेबलावर कुसाबाईला उलटी झाली. ओठ निळे पडले. दोन दिवस तिच्या उशाशी बसून सिस्टरनी तिचा श्वास मोजला. ती वाचली. महिन्याभराने पदरात तांदूळ बांधून आली आणि पाया पडली. "बाय, तुमी व्हत्या म्हणून वाचले." ते तांदूळ सिस्टरनी घेतले होते.

घड्याळात दहा चोवीस. आत काहीतरी धातूचं वाजलं, तशा त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी दार ठोठावलं.

"डॉक्टर! थांबा! तिने दूधपोळी खाल्लीय. मी खोटं बोलले."

इंजेक्शन देऊन झालं होतं. कबरी टेबलावर सैल पडली होती, डोळे उघडे. डॉक्टर सायलींनी एका हाताने तिला उचललं, डोकं खाली धरलं, तोंड उघडलं. त्याच क्षणी कबरीच्या पोटाला आचके बसले. पांढरं, आंबूस, पोळीचे तुकडे. डॉक्टर बोटाने ते काढत होत्या, नळीने ओढत होत्या. कबरीचा श्वास थांबल्यासारखा झाला. सिस्टर मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार... पाचाला बरगडी हलली.

पुढचा तासभर त्या मोजतच राहिल्या.

"तुम्ही नर्स होतात ना?" डॉक्टर एवढंच म्हणाल्या. "आता सोमवारी. पूर्ण उपाशी."

दुपारी सिस्टर पिंजरा घेऊन थेट महेश कासारांच्या दारात गेल्या. "ऑपरेशन झालं नाही. चूक माझी. सोमवारपर्यंत ती माझ्या न्हाणीघरात राहील, बाहेर येणार नाही. तेवढा एक दिवस द्या."

"तुमची चूक?" कासारांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. "बरं. सोमवार."

जिन्यात अक्काबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सिस्टर, मीच घातली ओ दूधपोळी. पहाटे रडत होती."

"मला माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी आठला न्हाणीघरातून कबरीने सूर लावला. सिस्टर दाराला कुलूप घालत होत्या, पण किल्ली काही भोकात शिरेना. मागून अक्काबाई पाट घेऊन आल्या आणि दारासमोर बसल्या.

"नीट लावा. आणि किल्ली मला देऊ नका," त्या म्हणाल्या. "मी कितीही मागितली तरी."